लाकडी घरांची पांघरुणे



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही कळवले, ‘लाकडी सांगाड्याच्या घरांची बाहेरची आवरणे आणि त्यांच्या भिंतींतली ऊब.’ त्यावर त्यांचा लगेच फोन आला. ते म्हणाले, “तुम्ही बांधकाम कामगारांच्या मजुरीवर बोलाल अशी आमची कल्पना होती. हा विषय इंजिनिअरांचा झाला.” आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की मजुरीचा प्रश्न या विषयात आहे, फक्त तो भिंतीच्या आत आहे. भिंत सोलल्याशिवाय तो दिसायचा नाही. आज आपल्यासमोर ती भिंत सोलण्याचा विचार आहे.

प्रथम आमचा अधिकार काय ते सांगणे बरे. आम्ही इंजिनिअर नव्हे. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, त्या वर्षी आमची शाळा सुटली आणि आम्ही सेंट्रिंगच्या कामावर लागलो. पुढे बांधकाम कामगारांच्या संघटनेत पडलो तो आजतागायत. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा आमच्या बोलण्यात तज्ज्ञाची सफाई नसेल. परंतु जी गोष्ट समजली नाही ती सांगायची नाही, एवढी शिस्त आम्ही पाळली आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका मुलामुळे. आमच्या एका जुन्या सभासदाचा, एका सुताराचा, मुलगा काही वर्षांपूर्वी न्यूझीलंडला ऑकलंड शहरी सुतारकामावर गेला. पहिल्या महिन्यातच त्याचा फोन आला. तो म्हणाला, “काका, इथे आम्ही घरे बांधत नाही, घरे सोलतोय. पंधरा-वीस वर्षांची घरे आहेत. बाहेरून बघाल तर पांढरीशुभ्र. गिलावा काढला की आतला खांब हाताने कुस्करतो, चहात बुडवलेल्या टोस्टासारखा. आणि काचलोकर पिळली तर पाणी गळते. आमच्या बाबांनी बसवलेली सागाची चौकट चाळीस वर्षे हलली नाही. मग इतक्या श्रीमंत देशात असे कसे?”

प्रश्न साधा होता, आणि आम्हांला उत्तर येत नव्हते. म्हणून शोधू लागलो. त्या शोधात जे सापडले ते आज मांडतो.

आपल्याकडे घराची भिंत म्हटली की वीट, दगड किंवा माती डोळ्यांपुढे येते. भिंत एकजिनसी असते. भार तीच घेते, पाऊस तीच अडवते, ऊनही तीच सोसते. न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका या देशांतले सामान्य माणसाचे घर निराळे असते. तिथे भिंत म्हणजे लाकडी खांबांचा सांगाडा. न्यूझीलंडात हे खांब साधारण ९० मिलिमीटर खोल आणि ४५ मिलिमीटर रुंद असतात आणि ४०० ते ६०० मिलिमीटरच्या अंतराने उभे असतात. खांबांच्या मधल्या पोकळीत काचलोकर भरतात. आतल्या बाजूने जिप्समचे तक्ते ठोकतात. बाहेरच्या बाजूने एक जलरोधक कागद ताणतात, आणि त्यावर घराचे शेवटचे वस्त्र चढवतात. ते लाकडी फळ्यांचे असेल, विटांच्या एकपदरी भिंतीचे असेल, सिमेंट-तंतूंच्या तक्त्यांचे असेल, प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या पट्ट्यांचे असेल, नाहीतर गिलाव्याचे असेल. म्हणजे काम वाटून दिलेले आहे. भार सांगाड्याने घ्यायचा, ऊब काचलोकरीने राखायची आणि पाऊस बाहेरच्या आवरणाने अडवायचा. आता श्रमविभागणी आली की संघटनेच्या माणसाचे कान टवकारतात. कारण जिथे कामे वाटली जातात तिथे दोन कामांच्या मधले काम कोणाचे, हा प्रश्न उभा राहतोच.

ऊब म्हणजे काय ते आधी पाहू. काचलोकरीत स्वतःची अशी उष्णता नसते, जशी गोधडीतही नसते. गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळे. हवा स्थिर राहिली तर तिच्यातून उष्णता फार सावकाश जाते. उष्णतावहन मोजण्याचे जे माप आहे त्यात स्थिर हवेचा आकडा ०.०२५ आहे. काचलोकर ०.०४ च्या आसपास, पाइनसारखे मऊ लाकूड ०.१२, भाजकी वीट साधारण ०.६ ते ०.८, आणि पाणी ०.६. हे आकडे मुद्दाम सांगितले, कारण सारी कथा त्यांत आहे. पाणी हे स्थिर हवेच्या चोवीसपट उष्णता वाहून नेते. गोधडी भिजली की ती गोधडी राहत नाही, हे आपल्या आजीला कोष्टकावाचून ठाऊक होते. काचलोकरीचेही तेच. तिच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी बसले की ती केवळ ओझे होते.

याच आकड्यांवरून दुसरी एक गोष्ट निघते. लोकांचा समज असा, की बाहेरचे आवरण जाड आणि भक्कम तेवढे घर उबदार. विटांचे आवरण घेतले म्हणजे थंडी अडली, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा. ९० मिलिमीटर काचलोकर जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला विटेची भिंत साधारण १.३५ ते १.८ मीटर जाड लागेल. इंचभर जाडीच्या लाकडी फळीचा रोध त्या काचलोकरीच्या दहाव्या हिश्शाएवढाच भरतो. पातळ सिमेंट-तक्त्याचा आणि पत्र्याचा तर धरूच नये. सारांश, बाहेरचे वस्त्र स्वतः फारशी ऊब देत नाही. याला एकच मोठा अपवाद आहे, तो म्हणजे फेसाळ पॉलिस्टायरीनचा, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्याचा थर. त्याकडे पुढे येऊ.

मग आवरणाच्या निवडीने काय बिघडते? बिघडते ते असे, की आतली हवा स्थिर राहील की नाही आणि काचलोकर कोरडी राहील की नाही, हे बाहेरचे आवरण ठरवते. फळ्यांच्या सांध्यांतून वारा आत शिरला आणि कागद नीट ताणलेला नसला, तर तो वारा काचलोकरीतून फिरतो आणि कोंडलेली ऊब घेऊन जातो. अंगावर शाल आहे पण वारा शालीखालून शिरतो आहे, असा तो प्रकार. आणि पाणी शिरले तर काय होते ते सांगितलेच.

पाण्याच्या वाटा दोन. एक बाहेरून, पावसाची. दुसरी आतून, वाफेची. चूल, अंघोळ, माणसांचे श्वास यांमुळे घरातली हवा दमट होते. थंडीत ती भिंतीत शिरते आणि जिथे गार पृष्ठभाग भेटेल तिथे तिचे दव पडते. या दुसऱ्या वाटेचा शोध कसा लागला, ही गोष्ट आमच्या विशेष आवडीची आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत जुन्या लाकडी घरांच्या भिंतींत उष्णतारोधक तंतू भरण्याची प्रथा वाढली. घरे उबदार झाली. पण बाहेरच्या फळ्यांवरचा रंग फुगून निघू लागला. ठपका कोणावर आला असेल? अर्थात रंगाऱ्यावर. रंगात भेसळ केली, हात नीट मारला नाही, असे मालक म्हणू लागले. रंगारी म्हणत, की दोष आमचा नाही; ज्या घरांत हे तंतू भरले आहेत त्याच घरांचा रंग निघतो. अशी घरे रंगवायला ते नाखूश असत. मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास केला. पूर्वी भिंत पोकळ होती, घरातली उष्णता तिच्यातून बाहेर झिरपे आणि जाता जाता फळ्या सुकवी. आता ती उष्णता आतच राहू लागली. फळी गार पडली. आतून आलेली वाफ तिच्या पाठीवर निवू लागली. फळी भिजली, म्हणून रंग निघाला. म्हणजे रंगारी खरे बोलत होता. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. रोजचा अनुभव होता. आणि तो अनुभव आधी कामचुकारपणा म्हणून खाती मांडला गेला.

या प्रकरणाचा धडा लक्षात ठेवावा. भिंतीत ऊब राखायची सोय जितकी चांगली, तितकी ती भिंत सुकायला अधिक वेळ लागतो. जुनी घरे गळत नव्हती असे नाही. ती गळत, पण सुकतही. नव्या भिंतीला एकदा भिजण्याची चूक परवडत नाही. म्हणून ऊब वाढवली की आवरणाची काळजीही त्या प्रमाणात वाढवावी लागते. काचलोकर विकणारा हे सांगत नाही, कारण तो आवरण विकत नाही. आणि आवरण विकणारा सांगत नाही, कारण तो काचलोकर विकत नाही.

आता पावसाची वाट. १९६३ साली कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या इमारत-संशोधन विभागातल्या जी. के. गार्डन यांनी पाऊस भिंतीत कसा शिरतो यावर एक छोटी पत्रिका लिहिली. त्याच सुमारास नॉर्वेतही याच दिशेने काम चालले होते. गार्डन यांचे म्हणणे थोडक्यात असे: भिंतीत पाणी शिरायला तीन गोष्टी लागतात, पाणी, वाट आणि ते आत ढकलणारे बळ. पाणी आपण टाळू शकत नाही. फट अजिबात राहू द्यायची नाही असे म्हटले तरी ऊन-पावसाने, लाकडाच्या आकसण्या-फुगण्याने फट पडतेच. उरले बळ. थेंबाचा वेग, गुरुत्वाकर्षण, बारीक फटीतून वर-आत ओढणारे केशाकर्षण आणि वाऱ्याचा दाब ही ती बळे. तेव्हा बाहेरच्या आवरणामागे हवेची पोकळी ठेवा. पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाइतका होऊ द्या, म्हणजे वारा पाण्याला आत ढकलणार नाही. आणि जे थोडे पाणी शिरेल ते पोकळीत खाली ओघळून बाहेर पडेल, आतल्या कागदापर्यंत पोचणार नाही. बाहेरचा तो नुसता पावसाचा पडदा.

कोकणातल्या माणसाला यात नवे काही वाटायचे नाही. मिरगापूर्वी मातीच्या भिंतींना, विशेषतः ज्या अंगाने झड येते त्या अंगाला, माडाच्या झापांचे पडदे बांधतात. ते भिंतीला चिकटवून बसवत नाहीत. बांबूला बांधून जरा अंतरावर उभे करतात. पाऊस झापावर आपटतो, खाली ओघळतो. मागे हवा खेळते आणि भिंत कोरडी राहते. शिवाय वर लांब वळचण असते, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. ज्याने हे पहिल्यांदा बांधले त्याने पत्रिका लिहिली नाही एवढेच.

आता पुन्हा ऑकलंडकडे जाऊ. गार्डन यांची पत्रिका छापून तीस वर्षे झाली होती. १९९० चे दशक उजाडले. न्यूझीलंडात त्या वेळी एकामागून एक चार-पाच गोष्टी घडल्या. एकटी कोणतीही घडली असती तर कदाचित एवढा अनर्थ झाला नसता.

१९९१ साली नवा इमारत कायदा आला. भिंत अमुक रीतीने बांधा असे जुने नियम सांगत. नवा कायदा म्हणे, भिंतीने अमुक काम केले पाहिजे, कसे ते तुम्ही ठरवा. कल्पना वाईट नव्हती; पण नवी आवरणे पारखून घेणारी यंत्रणा तितकी भक्कम नव्हती.

त्याच सुमारास घरांची तऱ्हा पालटली. भूमध्य समुद्राकाठच्या घरांची नक्कल लोकांना आवडू लागली. सपाट छप्पर, वळचण नाही, बंदिस्त सज्जे आणि भिंतीवर सांधा न दिसणारा एकसंध गिलावा. स्पेन-इटलीत असे घर जाड दगड-विटांचे असते आणि पाऊस बेताचा असतो. ऑकलंडात तेच रूप लाकडी सांगाड्यावर चढवले, आणि वारा-पाऊस मात्र ऑकलंडचाच राहिला. पुष्कळ ठिकाणी सिमेंटचे तक्ते किंवा थर्माकोल थेट सांगाड्यावर ठोकून त्यावर गिलावा ओढला. मागे पोकळी ठेवली नाही.

तिसरी गोष्ट लाकडाची. तिथल्या रेडिआटा पाइनला किडीपासून वाचवायला बोरॉनचे क्षार मुरवण्याची रीत होती. त्यामुळे ते कुजण्यालाही काही काळ दाद देत नसे. १९९५ मध्ये मानक बदलले, आणि भट्टीत सुकवलेले पण काहीही न मुरवलेले लाकूड भिंतीच्या सांगाड्याला वापरण्याची मुभा मिळाली. लाकडातला ओलावा शेकडा २० च्या आत राहिला तर असे लाकूड टिकते, हे खरे. पण तो ३० कडे सरकला आणि तिथेच राहिला, की बुरशीला मेजवानी. भिंत कोरडीच राहील असे गृहीत धरून ही मुभा दिली, आणि भिंत कोरडी राहण्याची सोय त्याच वर्षांत काढून घेतली.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यातली. १९९१ सालीच तिथे नोकरीच्या करारांचा नवा कायदा झाला आणि सामुदायिक करारांचा कणा मोडला. दशकभरात संघटनांची सभासद-संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. उमेदवारीची जुनी पद्धतही त्याच काळात मोडली गेली. घरबांधणीत तुकड्या-तुकड्यांनी कंत्राटे देण्याची प्रथा वाढली. संघटना मोडली म्हणून घरे कुजली, असे आम्ही म्हणणार नाही. तेवढे सोपे गणित नसते. सरकारने डॉन हन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २००२ साली जो अहवाल दिला त्यात कायदा, तपासणी, आराखडे, माल, कारागिरी अशा सगळ्याच ठिकाणी दोष दाखवला आहे. पण एक गोष्ट आम्हांला तिथल्या कामगाराच्या जागी उभे राहून दिसते, ती सांगतो.

पाणी शिरले कुठून? सपाट भिंतीच्या मधोमध क्वचितच. शिरले ते खिडकीच्या कोपऱ्यातून, सज्जा भिंतीला मिळतो तिथून, कठड्याच्या डोक्यावरून, छपराची कड भिंतीत संपते तिथून. खिडकी बसवणारा निराळा, तक्ता ठोकणारा निराळा, गिलावेवाला निराळा. प्रत्येकाला फुटावर किंवा नगावर पैसे. खिडकीखाली वाकवून बसवायची पत्र्याची पट्टी कोणाच्या फुटात मोजायची? ती खिडकीवाल्याच्या कंत्राटात नव्हती, गिलावेवाल्याच्याही नव्हती. जो तिच्यासाठी अर्धा तास थांबला असता त्याचा अर्धा तास बुडाला असता. म्हणून तिथे रबरी लुगदीची एक धार ओढली आणि सगळे पुढच्या घरावर गेले. दोन-तीन वर्षांत ती धार फाटली. पाणी दोन कंत्राटांच्या मधल्या फटीतून आत शिरले.

आत शिरले आणि बाहेर पडायला वाट नव्हती. मागे पोकळी नाही, गिलाव्यातून सुकता येत नाही, काचलोकर पाणी धरून बसलेली, आणि खांब कच्च्या लाकडाचा. घर थंड झाले, बुरशीचा वास येऊ लागला, लोक आजारी पडू लागले. सरकारसाठी २००९ साली तयार झालेल्या अहवालात अशा घरांचा अंदाज २२,००० ते ८९,००० असा दिला आहे, मधला आकडा ४२,०००. आणि खर्चाचा अंदाज ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर. त्या देशाची वस्ती तेव्हा आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी होती, हे ध्यानात घ्या. ज्यांनी कर्ज काढून घर घेतले त्यांच्या हाती कर्ज उरले. बांधणाऱ्या पुष्कळ कंपन्या तोवर गुंडाळल्या गेल्या होत्या. आणि घर बांधून दहा वर्षे उलटली की दावाच लावता येत नसे.

पुढे दुरुस्ती झाली. २००४ साली नवा कायदा आला. सांगाड्याचे लाकूड पुन्हा औषध मुरवून घ्यायचे ठरले. आणि जिथे धोका जास्त तिथे आवरणामागे सुमारे २० मिलिमीटरची पोकळी ठेवण्याचा नियम झाला. चार बोटेही नव्हेत, बोटभर जागा. तिची किंमत त्या देशाने अब्जावधी डॉलरांत मोजली.

हे एकट्या न्यूझीलंडचे नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर परिसरात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या सदनिकांची हीच गत झाली. तिथे तर सामान्य पगारदारांनी आयुष्याची पुंजी घातली होती. १९९६ च्या पाहणीत आढळले, की पाणी मुख्यतः बाहेरून, पावसाचेच, आणि सांध्यांतून आलेले होते. १९९८ साली त्या प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या चौकशी आयोगाने घरमालकांच्या कैफियती ऐकल्या, आणि त्यानंतर घरमालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन येथे १९९५ मध्ये थर्माकोल-गिलाव्याच्या घरांत असेच कुजके सांगाडे सापडले. हे आवरण युद्धोत्तर जर्मनीत विटांच्या भिंतींवर वापरले गेले होते. विटेला थोडे पाणी लागले तर ती सोसते. लाकडी सांगाड्याला तेच आवरण, पाण्याला वाट न ठेवता, घातले म्हणजे काय होते ते विल्मिंग्टनने दाखवले.

तेव्हा थर्माकोल वाईट का? नाही. आम्ही मघाशी त्याला अपवाद म्हटले होते. खांब लाकडाचा असल्याने त्याच्यातून काचलोकरीच्या तिप्पट उष्णता निसटते. बाहेरून रोधक थर अखंड घातला तर खांबही पांघरुणात येतो. आतला कागद आणि लाकूड उबदार राहते, त्यामुळे आतल्या वाफेचे दव पडण्याचा संभव कमी होतो. फार थंड मुलखात हाच उत्तम मार्ग. पण दोन अटी आहेत. त्याच्या मागे पाणी निथळायला वाट हवी, आणि तो जळतो हे विसरता कामा नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची इमारत काँक्रीटची होती, लाकडाची नव्हे; तरी बाहेरून चढवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे १४ जून २०१७ च्या रात्री आग पसरली आणि ७२ माणसे गेली. तीही गरिबांची वस्ती.

विटांच्या आवरणालाही अशीच अट. वीट पाऊस पिते. पावसानंतर ऊन पडले की ते पाणी वाफ होऊन आतही ढकलले जाते. म्हणून वीट आणि सांगाडा यांत पोकळी, तळाशी पाणी जायला आणि वारा खेळायला भोके, आणि गवंड्याने त्या पोकळीत चुना-सिमेंटचे लपके पडू न देणे, ही तीन पथ्ये. यांतले तिसरे पथ्य कोणत्याही नकाशावर उतरत नाही. ते गवंड्याच्या मनगटात असते. पट्ट्यांची आवरणे, लाकडी असोत वा प्लॅस्टिकची, मुळातच थोडी सैल असतात. त्यांच्यामागे हवा फिरते, म्हणून ती भिंतीला लवकर सुकू देतात. पण म्हणूनच त्यांच्यामागचा कागद वाऱ्याला अडवणारा हवा. पोकळीत वारा खेळू लागला की बाहेरच्या आवरणाचा स्वतःचा जो थोडका रोध, तो हिशेबातून जातो. जाऊ द्यावा. दहाव्या हिश्शाची ऊब गमावून नऊ हिस्से कोरडे ठेवणे, हा सौदा शहाणपणाचा आहे.

आता शेवटी आमच्या घरची गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या भिंती सोलण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आम्ही वाढलो ती चाळ लाकडी सांगाड्याची होती. सागाचे खांब, सागाच्या तुळया, मध्ये वीट आणि वर चुन्याचा गिलावा. लाकडी सांगाड्याची घरे परदेशातच असतात असे कोणी समजू नये. मुंबईच्या निम्म्या गिरणगावाने त्यांत संसार केले. १९९० च्या दशकात चाळीची दुरुस्ती निघाली. आम्ही तेव्हा रहिवाशांच्या समितीवर होतो आणि संघटनेतही नाव झाले होते. कंत्राटदार चुन्याचा गिलावा करायला निघाला होता. आम्ही सभेत उठून म्हणालो, श्रीमंतांच्या इमारतीला सिमेंट आणि कामगारांच्या चाळीला चुना, हा अन्याय चालणार नाही. टाळ्या पडल्या. कामावर एक म्हातारे गवंडी होते. ते आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबा, ह्या भिंतीत लाकूड हाय. चुना पाणी घेतो आणि परत देतो. शिमिट देत न्हाई.” आम्ही त्यांना, वय पाहून, हसून टाळले. कंत्राटदाराने आमची मागणी मान्य केली. त्याला काय, सिमेंट झटपट होते.

पाच-सहा पावसाळे गेले. सिमेंटला केसासारख्या भेगा पडल्या. पाणी आत जाई, बाहेर येत नसे. एका जुलैच्या पहाटे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कोपरा खाली आला. भिंतीत शिरलेली तुळईची टोके भुसा झाली होती. नळावर पाणी भरायला निघालेली एक बाई त्यात पडली. ती वाचली, पण पुढे कायम लंगडत राहिली. दुरुस्तीवर आम्ही खूप आरडाओरडा केला, मोर्चाही काढला. त्या म्हाताऱ्या गवंड्यांचे शब्द मात्र आम्ही कोणाला सांगितले नाहीत. ते आता नाहीत. आज पहिल्यांदाच सभेत सांगतो आहोत.

म्हणून ऑकलंडच्या त्या मुलाला आम्ही जे उत्तर कळवले ते असे. तिथे ज्ञान नव्हते म्हणून घरे कुजली नाहीत. पत्रिका छापलेली होती, जुने सुतार हयात होते. ज्याला ठाऊक होते त्याला विचारण्याची, आणि त्याने थांबून काम केले तर त्याला त्या वेळाचे पैसे देण्याची व्यवस्था मोडली होती. आपल्याकडेही आम्ही विचारले नव्हते.

आपल्या शहरांत आज नवी घरे लाकडी सांगाड्याची फारशी होत नाहीत. पण काचेची, अ‍ॅल्युमिनियमच्या तक्त्यांची, दगडी लाद्यांची आवरणे उंच उंच इमारतींवर चढत आहेत, आणि ती चढवणारे हात तुकड्याच्या कंत्राटावर दोरीला लोंबकळत आहेत. तेव्हा घर घेणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. रंग कोणता, लादी कोणती, हे विचाराच. पण पाणी आत शिरले तर बाहेर कुठून पडणार, हेही विचारा. उत्तर देणारा गोंधळला तर समजून असा. आणि आमच्या संघटनेची मागणी अशी, की सांध्याचे काम कंत्राटात निराळे लिहिले जावे, ते शिकलेल्या माणसाकडे सोपवले जावे, त्याची मजुरी नगावर नव्हे तर वेळेवर द्यावी, आणि ते झाकण्यापूर्वी तपासले जावे. ही मागणी कामगाराच्या पोटाची आहे, तशीच ती घरात निजणाऱ्याच्या पाठीचीही आहे.

त्या मुलाचा परवा पुन्हा फोन आला होता. तो आता नव्या पोरांना शिकवतो. म्हणाला, “काका, मी त्यांना आधी खिडकीखालची पट्टी वाकवायला लावतो. ती जमल्याशिवाय हातात फळी देत नाही.” त्याच्या वडिलांनी आम्हांला हे सांगताना डोळे पुसले.